बळीरामची पाठ आणि माझा संशय

पाठ दुखते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, सांगा बघू? ताप थर्मामीटरवर दिसतो, सूज डोळ्यांना दिसते. पाठीचं मात्र समोरच्याच्या शब्दावर सोडावं लागतं, आणि तसा धंदा होत नाही. पनवेलच्या बाजारात तांदळाच्या वखारीत बसून माझ्याकडे असल्या किश्श्यांची थप्पी लागली आहे. नवीन पनवेलच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हाचे हे.

* * *

बळीराम माझा सर्वांत जुना हमाल. शंभर किलोची गोणी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा. एका सकाळी कंबर धरून उभा राहिला. "शेट, आज नाय जमायचं. डाव्या पायात पार टाचेपर्यंत कळ जाते."

गावची जत्रा दोन दिवसांवर होती. मी विचारलं, "कळ जत्रेपर्यंतच आहे की पुढेही?"

"जत्रेला पण चालतच जायचं हाय, शेट."

सगळ्या टोळीसमोर मी बोलून गेलो, "डॉक्टर खोटं म्हणाले तर तुझ्या जागी दुसरा माणूस. खरं म्हणाले तर वखारीत पन्नास किलोच्या गोण्या." खरं निघणार नाही, याची मला खात्री होती.

* * *

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा कणा टांगलेला. सुटे मणके चोवीस, असं ते म्हणाले. मी मोजून घेतले. चोवीसच भरले. दोन मणक्यांमध्ये एक मऊ गादी, ती सरकली की पायाकडे जाणारी नस दाबते.

एक्स-रे स्वच्छ आला. मी म्हटलं, "म्हणजे सोंग."

"शेट, गोणीचा फोटो काढून आतला तांदूळ जुना की नवा, सांगाल? एक्स-रेत हाड दिसतं, गादी नाही."

मग त्यांनी बळीरामला झोपवून डावा पाय सरळ वर उचलला. तो कळवळला. नंतर स्टुलावर बसवून, सहज गुडघा बघतो म्हणत तोच पाय सरळ केला. बळीराम झटकन मागे झुकला.

त्याला बाहेर पाठवून डॉक्टर म्हणाले, "सोंगाड्या इथे सापडतो. गुडघा बघताहेत म्हणून तो निवांत बसून राहतो. याचं खरं आहे."

हा डाव मी बाजारभर सांगत सुटलो. पन्नास किलोच्या गोण्यांचं नाव मात्र काढलं नाही.

* * *

पुढे आमच्या मुनीमजींची पाठ धरली. "हा रोग हमालांकडून लागला," ते म्हणाले. "मी पेनापलीकडे काही उचलत नाही."

डॉक्टरांनी त्यांना वहीवर वाकतात तसं बसायला लावलं आणि पोटाकडे बोट दाखवून म्हणाले, "दिवसाचे दहा तास हे उचलता." मुनीमजींनी डॉक्टर बदलला.

* * *

मीही सावध झालो आणि इब्राहिमभाईंच्या गादीच्या दुकानात गेलो. त्यांनी मुनीमजींना कडक गादी दिली होती, मला मऊ दाखवायला लागले.

"भाई, पाठीला नेमकी चांगली कुठली?"

"शेट, तुमच्यापासून काय लपवायचं? जी दुकानात उरली असेल ती."

एवढा एकच माणूस मला सरळ भेटला.

* * *

दोन महिन्यांनी टोळी पन्नास किलोच्या गोण्यांबद्दल विचारायला आली. बळीराम पुढे, कमरेला पट्टा. हलकी गोणी आली तरच त्याला काम जमणार होतं. मी लोडाला टेकलो आणि डावी मांडी धरली. "आज नको रे. माझीच पाठ गेलीय. टाचेपर्यंत कळ."

बळीरामने काळजीने माझ्याकडे पाहिलं. त्याने रिक्षा आणली, मला हाताला धरून बसवलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं.

झोपवून पाय उचलला तेव्हा मी व्यवस्थित कळवळलो. मग त्यांनी स्टुलावर बसवलं. "जरा गुडघा बघू."

मला डाव ठाऊक होता. गुडघ्याला हात लागताच मी झटकन मागे झुकलो आणि कण्हलो.

डॉक्टर म्हणाले, "शेट, मी पाय अजून सरळ केलाच नाही."

बळीराम दारातच उभा होता. त्याने पट्टा सारखा केला.

"शेट," तो म्हणाला, "गोण्यांचा हिशेब आमी तुमाला रोज खरा देतो. दुखण्याचा तेवढा तुमी खरा ठेवा."