बारशाच्या दिवशी अडलेला माऊस

माझ्या मेहुण्याला मेलबर्नला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या बायकोचा. पण परीक्षांच्या दिवसांत तिला शाळेतून रजा मिळेना. म्हणून असं ठरलं, की पाळणा तिकडे बांधायचा आणि नाव आत्याने पारोळ्याहून, नानांच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घरून, व्हिडिओ कॉलवर सांगायचं. काम सोपं होतं. पण मी जळगावला कॉलेजात संगणक शिकवतो, त्यामुळे ते सोपं राहिलं नाही.

"फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कसलं बारसं बघता? मी माझा कॉम्प्युटर आणतो. टीव्हीला जोडतो. सगळ्यांना नीट दिसेल," मी म्हणालो.

माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्यांकडे असते ती सिस्टीम नाही. युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टीमच्या घराण्यातली एक आहे. तिच्यात सगळं आपल्या हाताने लिहून बसवावं लागतं आणि एकदा बसवलं की ती वर्षानुवर्षं चालते, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. घरी ती तशी चालतही होती. फक्त निघताना मला वाटलं, सासरी तो गोल पिनेचा, मळकट जुना माऊस कशाला न्यायचा. म्हणून नवा यूएसबी माऊस घेतला.

नानांच्या बैठकीत टीव्ही लागला. भावकीतली माणसं सतरंजीवर बसली, नानांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, ती खुर्चीत पुढे. मी माऊस जोडला. त्याच्या पोटातला लाल दिवा लागला. पडद्यावर बाणही आला, अगदी मधोमध. मी माऊस डावीकडे नेला, उजवीकडे नेला. बाण जागचा हलला नाही.

"हाऊ उंदीर मरेल शे का?" नानांनी शांतपणे विचारलं.

"नाही नाना, सेटिंग आहे. दोन मिनिटं."

मी आज्ञा लिहायचा काळा पडदा उघडला आणि मशीन चालू झाल्यापासूनच्या नोंदी काढल्या. टीव्हीवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. भावकी कौतुकाने बघत होती.

"हाई काय लिखेल शे?" अक्काने विचारलं.

"मशीन म्हणतंय, माऊस सापडला."

"मंग पकडा ना त्याले."

अडचण तीच होती. मशीनने माऊस ओळखला होता, कंपनीच्या नावासकट. पण बाण दाखवणाऱ्या चित्राच्या पडद्याला त्याचा पत्ता नव्हता. बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "कीबोर्डवरून कॉल लागत नाही का?"

"लागतो," मी म्हणालो, "पण माऊस का चालत नाही, ते आधी कळायला हवं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत जागेवर जाऊन बसली. मी पडद्याच्या सेटिंगची फाईल उघडली, आणि कारण सापडलं. माऊस कुठला, हे त्या फाईलमध्ये मीच कधीतरी हाताने लिहून ठेवलं होतं. गोल पिनेचा. पडदा इमानदारीने त्याचीच वाट बघत होता, आणि तो जळगावला टेबलावर पडला होता. मी ती ओळ बदलली, पडदा पुन्हा सुरू केला. बाण तरीही ढिम्म.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिकडे पाळण्यात बाळ रडायला लागलं होतं, थांबायला वेळ नव्हता. सगळी भावकी टीव्हीकडे पाठ करून त्या फोनभोवती गोळा झाली. अक्काला खुर्चीसकट उचलून तिकडे ठेवलं. मला मागून पाळण्याचं गाणं ऐकू येत होतं, पण मी बरोबर त्याच वेळी शोधून काढलं होतं, की जोडलेल्या माऊसची हालचाल पडद्यापर्यंत पोचवणारी एक सेवा असते आणि ती मी कधी सुरूच केली नव्हती. गोल पिनेच्या माऊसला आजवर तिची गरजच पडली नव्हती. मी आज्ञा लिहीत असताना कुणीतरी "कुर्रर्र" म्हणालं, टाळ्या वाजल्या, आणि मी एंटर दाबलं.

बाण सुळकन कोपऱ्यात गेला.

"चालला!" मी म्हणालो. इतका निर्मळ आनंद मला क्वचितच झाला असेल.

भावकी वळून माझ्याकडे बघू लागली. नाना फोन खाली ठेवत म्हणाले, "आते बठ्ठं व्हई गयं, जावईबुवा. पेढा ल्या."

सगळं उरकलं होतं. मी पेढा घेतला. मशीन चालू होतंच, म्हणून निदान फोटो तरी टीव्हीवर दाखवावेत असं ठरलं. बायकोच्या फोनमधले फोटो मी मशीनमध्ये घेतले, नव्या माऊसने ऐटीत नवा फोल्डर केला, आणि नाव लिहायच्या जागी बाण थांबला.

"काय नाव देऊ?" मी विचारलं.

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"जावईबुवास्ले पोरनं नाव म्हाईत नही?"

बायकोने नाव सांगितलं. छान होतं, तिनेच महिनाभर विचार करून शोधलेलं. मी ते लिहिलं, तर पहिल्याच अक्षराची वेलांटी चुकली, आणि तीही टीव्हीवर सगळ्यांना नीट दिसली.