राखणदाराचा नारळ

सुहास, पावसहून मी निघाले ती सकाळची एसटी तुला आठवत नसेल. तू चार वर्षांचा होतास, मी अकराची. आईने पिशवीत फणसपोळी कोंबली आणि म्हणाली, "आत्याकडं मन रमंल तुझां. हितली जागा वायट हाय." नानाकाका बॅग घेऊन थांब्यापर्यंत आले होते. खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तशी मी आत सरकले.

त्या हंगामात मी बोलेनाशी झाले होते. आंब्याची अढी लावायला नानाकाका मला बागेतल्या खोपीत बोलवत. तिथे ते माझ्याशी जे करत, ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. घरच्यांनी ठरवलं, बागेत बाधा झाली. राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. तो मान घरातल्या थोरल्याचा, म्हणजे नानाकाकांचाच. हातात नारळ धरून ते म्हणाले, "पोरीला जो कोण तरास देत असंल, त्याला वाटेला लाव रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले.

आता पुण्यात मी शाळेत समुपदेशक आहे. अशी केस आली की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, राक्षस आहे मेला. मला ते पटत नाही. राक्षस म्हटलं की लोक शिंगं शोधत बसतात. नानाकाका भजनात पेटी वाजवायचे, माझ्या तापात डॉक्टरांना तेच घेऊन आले होते. गावाने दोष जागेला दिला, शहर राक्षसाला देतं, आणि माणूस तेवढा सुटतो.

परवा तू फोनवर तुझ्या लेकीबद्दल सहज म्हणालास, मुग्धा हल्ली गप्प असते, नीट जेवत नाही, आईने नारळ आणायला सांगितलाय. इतकी वर्षं मी गप्प राहिले, ते चुकलं.

नारळ फोडू नकोस. तिला खोदून विचारू नकोस, नानाकाकांजवळ एकटी सोडू नकोस. मी उद्या दुपारी पोचते. आधी तिच्याशेजारी बसेन, मग ओटीवर सगळ्यांसमोर माझं सांगेन, नाव घेऊन. तिथून पोलीस ठाण्यात. आई रडेल, गप ऱ्हा म्हणेल.

गाव कुठलं असं कुणी विचारलं, की मी पुणं सांगत आले. उद्या मी बोलेन तेव्हा तू एकट्याने जरी "व्हय" म्हणालास, तरी पुढच्या वेळी पावस सांगेन.