मायचा पाळणा आणि लिमिटर

मायचा पाळणा मी माझ्याच हातांनी सपाट केला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी दया यायला नको.

मोहल्ल्यातल्या आमच्या विहारात जयंतीला पाळणा हलवतात, तेव्हाचं गाणं वर्षानुवर्षं माझी मायच म्हणायची. यंदा तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि पाळणा मोबाइलवर घेतला. पहिल्या ओळी बाळाची झोपमोड होऊ नये इतक्या हळू, आणि नाव ठेवायची ओळ आली की गल्ली दणाणून जाईल असा गळा.

जयंतीला तेच रेकॉर्डिंग लावायचं ठरलं. पण आमच्याकडे गल्लीगल्लीत स्पीकरच्या बॉक्सची चढाओढ. माय मागे पडायला नको, या खुळापायी मी लॅपटॉपवर आवाज वाढवत सुटलो. वर लिमिटर लावला, त्यावर सॉफ्ट क्लिपिंग. लिमिटर आवाजाला ठरलेल्या पातळीच्या वर जाऊच देत नाही, दाबून धरतो. सॉफ्ट क्लिपिंग त्याहून गोड बोलून गळा कापतं: आवाजाच्या लाटेचं टोक तोडत नाही, गोल घासतं. हळू ओळी वर आल्या, मोठी ओळ दबली, सगळं एका उंचीचं झालं. मला ते फार भारी वाटलं. त्याच नावाने सेव्ह केलं आणि जागा हवी म्हणून मोबाइलमधलं मूळही पुसलं. दुसरी प्रत कुठेच नाही.

जयंतीला पोरं म्हणाली, "काय वाजून राह्यलं, भाऊ!" मी फुगलो.

माय तेव्हा दवाखान्यात होती. घरी आल्यावर तिने पाटीवर लिहून पाळणा मागितला. मी तिच्या कानांना हेडफोन लावले. तिने डोळे मिटून, बोटाने ताल धरत पूर्ण ऐकलं. मग पाटी ओढली. "लय मोठ्यानं गाते. कोन हाये?"

घासलेलं टोक कुठल्याही बटणाने परत येत नाही, हे मला तोवर कळलं होतं. मला रडू आवरेना.

"तूच गाऊन राह्यली, माय," मी म्हटलं.

तिने पुन्हा लावायची खूण केली. पुन्हा सगळं ऐकलं, आणि मान हलवली. नाही.