हिल्डाचं न दिलेलं मत

पाच आठवड्यांपूर्वी इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमधून नेल्सनचा, हिल्डाच्या नवऱ्याचा फोन आला. "हिल्डा गेली गं... हार्ट." मला आधी चक्क रागच आला. परवाच तर माझ्याशी तावातावाने भांडून गेली होती, तेही स्वीडनच्या एका जुन्या निवडणुकीवरून!

वसईची हिल्डा फिजिओथेरपिस्ट. एका म्हाताऱ्या स्वीडिश पेशंटने गुडघ्याचे व्यायाम करता करता तिला तिथली १९५८ची निवडणूक सांगितली आणि बाई पार वेडीच झाली. कामगारांना पेन्शन सक्तीची करायची की नाही, यावरून सरकारने खालचं सभागृह बरखास्त केलं, पुन्हा लोकांकडे गेलं, आणि निकाल? मत न देणारा सभापती वगळला तर एकशे पंधरा विरुद्ध एकशे पंधरा! हे सगळं ती बार्बेक्यूवर चिमटा नाचवत सांगायची आणि आमचे सॉसेजेस करपायचे. "आणि मग, मेट, मतदानाला विरोधकांमधला एक जण, गोदीत काम केलेला माणूस, मत न देता नुसता बसून राहिला. एका मताने पेन्शन पास! इमॅजिन कर, त्याचेच लोक त्याच्याकडे कसे बघत असतील..."

दोन वर्षांपूर्वी ते आम्हीच पाहिलं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. मी शिफ्टला गेले की दिवसभर कुणाशी अक्षर नाही. "मी बोलायची विसरेन बघ," म्हणाली, आणि मी घाबरले. शनिवारी दुपारी आमच्या मराठी मंडळाचा हॉल ज्येष्ठांच्या गप्पांना द्या, असा ठराव मी मांडला. त्या वेळी तिथे बॅडमिंटन असायचं, आणि कॅप्टन होती हिल्डा! कमिटीत दहा जण, पाच इकडे, पाच तिकडे. बाजूने पाच हात. विरोधात... चार! हिल्डा दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली होती. "मला बॅडमिंटनच हवंय," ती म्हणाली, "पण काकूंना आडवी नाही येणार."

तिची टीम दोन महिने तिच्याशी बोलली नाही. ती 'नो वरीज' म्हणत हसायची, पण एकदा माझ्या गाडीत ढसाढसा रडली. मी तिला धड थँक यूसुद्धा म्हटलं नाही, याची आज लाज वाटते.

गेल्या शनिवारी खच्चून भरलेल्या हॉलमध्ये आई उभी राहिली. पहिला तास बॅडमिंटनला परत द्यायचा, म्हणाली, आपण कडेला बसून टाळ्या वाजवू. भराभर हात वर गेले. आईचे तर दोन्ही.

"एक माझा," ती म्हणाली, "एक हिल्डाचा."

सेक्रेटरीने दोन्ही मोजले.