गोठ्यातलं पेव आणि अकोल्याचे पाहुणे

देवावर भरवसा ठेवणारा नवरा असला की घरात ज्वारी टिकत नाही. हे मी अनुभवाने सांगते.

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाला असा भाव आला की माणसं वेडी झाली. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या अमरावतीत जो तो ज्वारी सोडून कापूस पेरत होता. शेतात कापूस, अंगणात कापूस, उकिरड्याच्या कडेला कापूस. (शेजारच्या सखू माळणीने तर वांग्याच्या वाफ्यातही सरकी टोचली होती.) बैलांच्या शिंगांवर पितळ चढलं आणि बाजारात दाणा मिळेनासा झाला. कापसाची भाकर काही थापता येत नाही.

आमचे हे मिशनचे उपदेशक. मी म्हणायचे, "अवो, पावसाच्या आंधी जवारी भरून ठेवा."

"पाखरं कुठं भरून ठेवतात? त्याइले कोन खाऊ घालते?"

"पाखराइच्या घरी पाहुने येत नाईत."

यावर ते नुसते हसायचे. शेवटी मीच बंदोबस्त केला. चांदूर बाजारकडे माझा भाऊ शेती करायचा. आम्ही ख्रिस्ती झाल्यावर त्याने आमच्या घरचं पाणी सोडलं होतं, बहिणीची माया काही सोडली नव्हती. हे बाळापूरकडे फेरीला गेल्याचं पाहून तो गाडीभर ज्वारी घेऊन आला. गोठ्यात एक जुनं पेव होतं, म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोल कोठी. आम्ही त्याला आतून कडबा लावला, मी डोक्यावरून पाट्या वाहिल्या, तोंडावर दगड ठेवून माती लिंपली आणि वर म्हैस बांधली. म्हशीइतकं गुपित राखणारं दुसरं कुणी नाही. यांना मात्र अक्षर सांगितलं नाही. उगाच त्यांच्या भरवशाला धक्का कशाला?

पुढे दिवाळीच्या सुमारास अकोल्याचं स्थळ आलं, आमच्या मार्थासाठी. वऱ्हाडात ख्रिस्ती घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. मुलगा शिकलेला, गरीब स्वभावाचा, आणि मार्थाच्या मनात भरलेला (त्याचं नाव निघालं की ती भाकरी करपवायची). मुलाची आई मात्र खमकी. जिथे पाहुण्याला पोटभर जेवण नाही त्या घरची पोर मी आणणार नाही, असा तिचा निरोपच होता. घरातली कणगी तळाला गेली होती, तरी मी निर्धास्त. माझं पेव होतं ना!

पाहुणे आले ते कापसाच्या गाडीवर बसून, कारण दुसरी गाडी कुठे मिळतच नव्हती. उतरले तेव्हा नवरा मुलगासुद्धा आजोबा दिसत होता. त्याच्या आईने मिशीला लागलेला कापूस पुसावा तसा ओठांवरचा कापूस पुसला आणि म्हणाली, "पोरगी मंग पाहू. आंधी भुका लागल्या."

मी हसतमुखाने गोठ्यात गेले. म्हैस सोडली, माती उकरली, दगड सरकवला. पेवात हवा कोंदलेली असते, म्हणून दोरीने दिवा सोडून पाहतात. माझा दिवा खाली गेला, आणखी खाली गेला आणि तळाला टेकला. तिथे कडब्याशिवाय काही नव्हतं.

माझ्या तोंडून जे निघालं ते ख्रिस्ती बाईला शोभणारं नव्हतं. हे धावत आले आणि पेव पाहून ओशाळले.

"तुले हे कोनं सांगतलं?"

"काय?"

"चमत्कार झालता," ते हळूच म्हणाले. "श्रावणात वस्तीत चुली पेटत नोत्या. म्या इथंच गुडघे टेकून देवाले जवारी मांगतली. मंग म्हशीचा खुटा ठोकाले गेलो तं दगड लागला. उचलून पाह्यतो तं पेव भरलेलं! मंग ज्याइच्या घरी दाना नोता त्याइले रातीबेराती वाटली, अन् पेव परत लिंपून टाकलं."

"अन् मले कावून नाई सांगतलं?"

"तू वाटू देल्ली नसती."

हे अगदी खरं होतं. ते पाहुण्यांशी बोलायला गेले. मी तिथेच बसून प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच. देवा, माझी ज्वारी घेतलीस ती घेतलीस, आता माझ्या लेकीचं काय?

कुंपणावरून सखूचं डोकं वर आलं. "रडून कावून राहिली वं बाई?"

मी सांगितलं.

"हात्तिच्या! उपदेशकबुवानं आमाले जवारी देल्ली, थे थोडी राखली हाय म्या. पाहुने का उपाशी जातीन?"

ती वांगी आणि पीठ घेऊन आली, येताना गल्लीत हाकाटी करून आली. मग कुणी पीठ आणलं, कुणी तुरीची डाळ, कुणी मिरच्या. प्रत्येक पिठाला पेवाचा तो आंबूस वास. माझीच ज्वारी, दळून घरी आली होती! पीठ मळताना मला रडू आवरेना. मी एकटीने दडवलेली ज्वारी माझ्या उपयोगी पडली नसती इतकी यांनी वाटलेली पडली. देवाचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

मुलाच्या आईने भाकरीवर भाकरी हाणली आणि विचारलं, "बजारात दाना नाई, अन् तुमच्या घरी इतकं कुठून?"

झालं. यांनी चमत्कार पहिल्यापासून सांगितला. बाईचे डोळे पाणावले. "पोरगी पसंत हाय. असं देवाच्या मर्जीतलं घर कुठं भेटन?"

मी उघडलेलं तोंड मिटलं. यांनी डोळे मिटून, मनुष्याच्या हाताविना पेव भरणाऱ्या प्रभूचे आभार मानले आणि मी सर्वांत मोठ्याने आमेन म्हटलं.

मार्था अकोल्याला सुखात आहे. जावईही उपदेशक झाले, आणि दर सुगीला त्या पेवावरच बोलतात. मी पहिल्या रांगेत बसून डोळ्यांना पदर लावते. देवानेच माझ्या भावाला पाठवलं, यात मला तिळमात्र शंका नाही. फक्त पाट्या कुणी वाहिल्या, हे प्रवचनात एकदा तरी यावं, एवढीच माझी प्रार्थना असते. आणि तेवढी एक देव काही ऐकत नाही.