सगुणाचा उपास

सगुणा आमच्या नाटक मंडळीत आली ती कपडे शिवायला. नाशिक रोडला तिचं पिको-फॉलचं लहानसं दुकान होतं. तालमीच्या कोपऱ्यात बसून ती कपड्यांच्या कडांना हेम घालायची आणि सगळं नाटक, पुरुषांच्या भूमिकांसकट, तिला पाठ व्हायचं. नव्वद सालच्या सुमारास ऐन प्रयोगाच्या तोंडावर आमची एक मुलगी तापाने आडवी झाली, तेव्हा मी सगुणाला तिच्या जागी उभी केली. सुईदोरा तसाच पदराला टोचून ती रंगमंचावर गेली. माझ्या उभ्या आयुष्यात मी पुष्कळ नट्या पाहिल्या, पण इतक्या हळू बोलून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारी तीच.

तिची आई कुसाबाई नांदगावची. लेक यापुढेही तोंडाला रंग लावून चारचौघांत उभी राहणार हे ऐकून ती वणीच्या देवीला नवस बोलली: "माझ्या लेकीची लाज राख माय. नाटकाच्या दिशी पडदा पडस्तोवर ती पाण्याचा थेंब घ्यायची नाय." नवस आईने बोलायचा आणि उपास लेकीने करायचा, यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. नवसानंतरचा पहिला प्रयोग उत्तम झाला. उपास लागू पडला म्हणून तो कायमचा झाला.

हौशी मंडळींचा प्रयोगाचा दिवस पहाटे सुरू होतो. नेपथ्य उभं करा, दिवे बांधा, रंगीत तालीम करा. सगुणा या सगळ्यात निर्जळी वावरायची. दुपार कलली की ती जांभया देऊ लागे आणि मग मला म्हणे, "आक्का, रेघ आली." डोळ्यांपुढे एका बाजूला नागमोडी, चमचमती रेघ थरथरायची, जरीची किनार उन्हात धरल्यासारखी. ती विरली की डोक्याची एकच बाजू ठणकू लागे. मग दिवा सोसायचा नाही, हातोडीचा आवाज सोसायचा नाही, गजऱ्याच्या वासानेसुद्धा पोटात ढवळायचं. अशा अवस्थेत ती उभी राहायची, दुखरी बाजू दिव्यापासून वळवून. लोक म्हणायचे, काय उभं राहणं आहे बाईचं.

अर्धशिशी म्हणून सगळ्यांनी उपाय सांगितले. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाऊन झाली, सुंठेचा लेप झाला, चष्मा बदलून झाला. तिचा नवरा वाल्मीक हसून म्हणायचा, "हिचं डोकं म्हणजे आमच्या घरातलं वेगळं माणूस आहे. त्याचा रुसवा आधी काढायचा, मग आमचा."

आमचा दिग्दर्शक दिनेश मात्र चिडायचा. "सगुणाताई, बरं हो प्रयोगाच्या दिवशीच दुखतं तुमचं डोकं. एरवी दिवसभर मशीन चालवता तेव्हा नाही दुखत."

ते तिला लागायचं. आपणच कुठे कमी पडतो, असं तिने मनाशी धरलं. कधी गोळी गिळायला घोटभर पाणी घेतलं होतं, त्याचाच देवीला राग आला असेल. म्हणून तिने उपास आदल्या संध्याकाळपासून धरायला सुरुवात केली. दुखणं वाढलं, तसा तिने नेम आणखी कडक केला.

मग स्पर्धेच्या नाटकात तिला मुख्य भूमिका मिळाली. ती आईची भूमिका होती आणि तिच्यासाठीच लिहिल्यासारखी होती. दुसऱ्या अंकाआधी विंगेत तिला उलटी झाली. रंगमंचावर गेली तेव्हा समोरच्या नटाचा अर्धा चेहराच तिला दिसेना आणि तोंडात शब्द जुळेनात. पडदा पाडावा लागला. पुढच्या प्रयोगाला ती भूमिका स्नेहल नावाच्या मुलीकडे गेली. सगुणानेच भूमिकेची चोळी उसवून तिच्या मापाची करून दिली. त्यानंतर ती तालमीला आली नाही. दुकानात बसायची, उठता-बसता डोकेदुखीची गोळी घ्यायची, आणि आता डोकं रोजच जड राहायचं.

कितीतरी वर्षांनी वाल्मीकने तिला गंगापूर रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेले होते. बाईंनी डोळे पाहिले, हातापायांची ताकद पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठरावीक दिवशीच दुखायचं ना? त्या दिवशी जेवण काय असायचं?"

सगुणा म्हणाली, "काहीच नाही."

"आणि पाणी?"

"पडदा पडल्यावर," सगुणा म्हणाली.

बाईंनी समजावलं. हा मायग्रेन. तो अंगातच असतो. उपाशी पोट, अपुरी झोप, प्रखर दिवा यांनी जागा होतो. वेळेवर जेवायचं, पाणी प्यायचं, रेघ दिसली की लगेच लिहून दिलेलं औषध घेऊन अंधारात पडायचं. रोजच्या गोळ्या थांबवायच्या. त्यांनीच डोकं रोज दुखतंय. पण कधी अचानक, पूर्वी कधीच नव्हतं असं दुखलं, किंवा हात किंवा पाय लुळा पडला, तर मायग्रेन समजून बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही," सगुणा म्हणाली. दाराशी पोहोचल्यावर थांबली. "आक्का, आई नवरात्राच्या उपासात डोक्याला फडकं आवळून धान्याच्या कणगीमागे पडायची. आम्ही म्हणायचो, देवी आली."

आम्ही नांदगावला गेलो. कुसाबाई फार थकली होती. सगुणाने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आई, मला परत उभं राहायचंय. नवस तुझा आहे, तूच सोडव."

म्हातारीने स्वतःचं कपाळ चोळलं. "मंग माझंबी ते ह्येच व्हतं व्हय?"

सगुणाने होकारार्थी मान हलवली.

"लय दुखायचं गं. मला वाटे, देवीचं पाऊल जड असतं." मग तिने भाकरीचा तुकडा मोडून लेकीच्या तोंडात घातला. "खा. देवीला मी सांगते काय सांगायचं ते."

सांगायला ती लवकरच गेली. त्याच वर्षी तिने डोळे मिटले.

पुढे आमची संस्था बंद पडली. बंद होण्याआधी एक शेवटचा प्रयोग केला, स्पर्धेतल्या त्याच जुन्या नाटकाचा. स्नेहल लग्न होऊन दूर गेली होती. आईची भूमिका सगुणाकडे आली, आता वयही भूमिकेला शोभणारं झालं होतं. दुपारी रंगपटात मी तिच्यापुढे डबा उघडला. पहिला घास तिने तोंडापाशी नेला आणि हात तिथेच थांबला.

"आक्का, इतकी वर्षं..."

"रडायचं तर आत्ता रड," मी म्हटलं. "काजळ अजून लावलेलं नाही."

ती रडली. रडता रडता सगळी भाकरी संपवली, वर तांब्याभर पाणी प्यायली. त्या दिवशी रेघ आली नाही. निम्म्या रिकाम्या खुर्च्यांसमोर तिने तिचा दुसरा अंक शेवटपर्यंत केला, दिव्याकडे तोंड करून.