आमेन व्हायच्या आत

घरात लहान मुलं असली की किस्से मोरीतल्या भांड्यांसारखे साचतात. आजचे आवरावेत तर उद्याचा ढीग तयार! आमच्याकडे तर दोन मुलं, एक नवरा, घरमालकीणबाई आणि मध्येच येऊन राहिलेल्या सासूबाई. मी नोकरी करणारी नर्स आहे, किस्से लिहिणारी बाई नव्हे. पण हॉस्पिटलात डबा खाताना एक सांगितला की मैत्रिणी दुसरा मागतात, म्हणून म्हटलं एकदाचे ओळीने सांगून टाकू.

आम्ही राहतो पिंपरी पेंढारला. प्रमोद, म्हणजे आमचे हे, पाण्याच्या मोटारी भरून देतात, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी गुंडाळतात. तालुकाभरातल्या जळलेल्या मोटारी आमच्या ओसरीवर येऊन पडतात. एस्तेर आठ वर्षांची, योएल पाच वर्षांचा. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. घर बायजाआजींचं, आम्ही भाडेकरू. आजींच्या सासऱ्यांची मेंढरं होती, आता आजींकडे चांदी नावाची एकच शेळी उरलीय. मी ड्यूटीला गेले की मुलं आणि चांदी, तिघंही आजींच्या ताब्यात.

*

आता तो नियम. कारण पुढचं सगळं रामायण त्या नियमामुळे झालंय.

संध्याकाळी आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना असते. एक गीत होतं, मग डोळे मिटून प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. एकदा योएलने हात जोडले आणि अगदी कळवळून म्हणाला, "देवा, पप्पांचा टेस्टर बोअरच्या पायपात एकटाच आहे. खाली अंधार आहे. त्याला भीती वाटू देऊ नकोस."

प्रमोदचे डोळे खाडकन उघडले. "काय? कोणता टेस्टर? नवीन?"

एस्तेरने डोळे न उघडताच वडिलांना झापलं. "पप्पा, तो देवाशी बोलतोय. तुम्ही मध्ये का बोलता?"

शेवटी प्रमोदनेच जाहीर केलं, की प्रार्थनेत जे बोललं जाईल त्यावर कुणी रागवायचं नाही. आमेन झाल्यावरही नाही.

झालं! दुसऱ्या दिवसापासून योएल दिवसभराचे गुन्हे संध्याकाळपर्यंत राखून ठेवायला लागला. "दूध कुणी सांडलं रे?" विचारलं की शांतपणे सांगायचा, "संध्याकाळी सांगतो."

*

बायजाआजी प्रार्थनेला उंबऱ्यावर येऊन बसायच्या. आधी म्हणायच्या, "पोरांचं गाणं ऐकाया येते." मग रोजच यायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं की उंबऱ्यावरून खणखणीत आवाज यायचा, "चांगभलं!"

मी एकदा हसून म्हटलं, "आजी, आमच्यात आमेन म्हणतात."

"म्हणा की! मी कुठं न्हाई म्हणती? पन देवाला माझा आवाज कळाया नगं?"

तेव्हापासून आमची प्रार्थना आमेन-चांगभलं अशी जोडीनेच संपते. एखाद्या दिवशी आजी नसल्या तर योएल आमेन म्हणून दाराकडे बघत राहतो.

*

गेल्या थंडीत मागच्या उसात बिबट्या आला. आमच्याकडे ही बातमी नसते, हवापाणी असतं. अंधार पडायच्या आत मुलं आत, शेळी आत, कडी लावली, संपलं. पण योएलला बिबट्याची काळजी!

"देवा, बिबट्याला भूक लागली असेल. त्याला जेवायला दे. पण आमची चांदी नको. शेवाळे भाऊंची शेळी दे. त्यांच्याकडे खूप आहेत."

आमच्या गल्लीतले शेवाळे भाऊ मोटार न्यायला आलेले आणि नेमके ओसरीवर टेकलेले. नियम त्यांनाही ठाऊक होता, त्यामुळे बिचारे रागवू शकेनात. मोटार खांद्यावर घेतली आणि निमूटपणे गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेच्या आधीच हजर! हातात पिशवीभर बोरं. म्हणाले, "वहिनी, पोराला तेवढं आज दुसऱ्या कुणाचं नाव घ्याया सांगा की!"

*

आमच्या चर्चचे पाळकसाहेब जेवायला येणार होते, तेव्हाचं तर विचारू नका. मी सकाळपासून घर घासत होते. पडदे बदलले, मुलांची नखं कापली. पाळकसाहेब आले, कौतुकाने योएलला म्हणाले, "आज भोजनाची प्रार्थना तू कर."

मी योएलकडे बघून डोळे वटारले, पण त्याने तोवर हात जोडले होते.

"देवा, भाकरी आणि मटणासाठी तुझे उपकार मानतो. आईने आज पवित्र शास्त्र ओल्या फडक्याने पुसलं. त्यावर लई धूळ होती. आता ते चकाचक झालंय, त्यासाठीपण उपकार मानतो."

पाळकसाहेबांनी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं. मी जेवणभर वाढतच राहिले, कारण समोर बसायची सोयच उरली नव्हती.

*

नाताळला एस्तेरने अंगणात नाटक बसवलं. गल्लीतली सगळी पोरं त्यात. शेवाळे भाऊंचा नातू योसेफ, त्याची बहीण मरिया, आणि मेंढरांच्या जागी एकटी चांदी. बायजाआजी तालीम बघत होत्या. देवदूत आला, बाळ जन्मल्याची बातमी त्याने दिली, आणि सगळे मेंढपाळ उड्या मारत गोठ्याकडे निघाले.

"थांबा, थांबा!" आजी ओरडल्या. "समदेच चालले? आन मेंढरं कुनाच्या जिवावर सोडली?"

एस्तेर म्हणाली, "आजी, शास्त्रात तसंच आहे."

"आसंल. पन रातच्याला मेंढरं उघड्यावर टाकून कुनी जातं व्हय? एकानं तरी मागं थांबाया पायजे. तिकडं बिबट्या न्हाई का?"

बराच खल झाला. शेवटी एस्तेरने नाटकात एक जास्तीचा मेंढपाळ घातला, जो बाळ बघायला जात नाही, राखण करत थांबतो. ते काम बायजाआजींनीच केलं. घोंगडी पांघरून, काठी घेऊन, नाटक संपेपर्यंत चांदीपाशी उभ्या! बाळ येशूचं दर्शन झाल्यावर सगळी पोरं टाळ्या घेत होती, तेव्हा आजी लांबून विचारत होत्या, "झालं का? हलू का आता?"

हे नाटक बघायला माझ्या सासूबाई नगरहून आल्या होत्या. आठ दिवसांसाठी!

*

सासूबाई म्हणजे शिस्त. त्यांच्या नाताळच्या करंज्या आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध. त्यांनी मोठ्या मानाने पहिली करंजी बायजाआजींच्या हातावर ठेवली. आजींनी खाल्ली आणि म्हणाल्या, "बरी हाय. सारन कमी पडलं."

सासूबाईंनी त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर दोघी परातीच्या दोन बाजूंना बसून नवा घाणा भरत होत्या! एक म्हणे जायफळ, दुसरी म्हणे वेलदोडा. पुढे टीव्हीवरच्या हिंदी मालिका दोघी एकत्र बघायला लागल्या आणि तिथल्या सुनांना मराठीत शिव्या घालायला लागल्या. दोघींचं एकाच गोष्टीवर पूर्ण एकमत होतं, की मला चहा जमत नाही.

आठ दिवसांच्या सासूबाई मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत राहिल्या.

*

पण त्यांच्या येण्यामागे एक काम होतं. "प्रमोद, इथं आपलं माणूस कोण आहे रे? ना चर्चची मंडळी, ना संडे स्कूल. दर रविवारी चौघं एका गाडीवर लांब चर्चला जाता. पोरं मोठी होतायत. नगरला चल. चर्चजवळ मी गाळा बघून ठेवलाय." हे त्यांनी नाताळात सांगितलं, नव्या वर्षात सांगितलं, आणि मार्चमध्येही सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

आमचे हे चारशे चाळीस व्होल्टला घाबरत नाहीत, आईला घाबरतात. "हो आई" म्हणून बसले! मला जायचं नव्हतं. माझी नोकरी इथे, मुलांच्या बायजाआजी इथे. पण आई-मुलाचं ठरल्यावर मध्ये बोलून मी वाईट कशाला होऊ, म्हणून गप्प राहिले. आतून मात्र जळत होते. बायजाआजींना सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जावा की. पोरांचं बघाया पायजे." आणि चांदीला पाणी पाजायला उठल्या. तिला आत्ताच पाजलं होतं.

जायचा दिवस उजाडला. बाळूचा टेम्पो दारात लागला. कपाट चढलं, गाद्या चढल्या, शेवाळे भाऊंनी स्वतः दोर आवळले. आणि बाळू बोंबलला, "आरं, चावी कुठंय? गाडीलाच व्हती राव!"

शोधाशोध सुरू झाली. सीटखाली बघितलं, गाद्या पुन्हा उतरवल्या. बायजाआजी तर सगळ्यांच्या पुढे होत्या, कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा हात घालून आल्या. सगळ्यांचा संशय अर्थातच योएलवर. तो म्हणत होता, "मी नाही!" पण बोअरमधला टेस्टर कोण विसरणार?

तेव्हा एस्तेर म्हणाली, "आपण प्रवासाची प्रार्थना घेऊ या. ज्याने घेतली असेल तो सांगेल. रागवायचं तर नाहीच आहे."

रिकाम्या खोलीत आम्ही सगळे गोल उभे राहिलो. बाळूलाही डोळे मिटायला लावले. पहिला योएल.

"देवा, नगरच्या आजीचा चष्मा मी चांदीला घालून बघितला होता, म्हणून त्याची काडी वाकडी आहे. पण चावी मी घेतली नाही. खरंच."

मी एक डोळा किलकिला केला. सासूबाई चष्म्याची काडी चाचपत होत्या, पण नियम म्हणजे नियम. मग उंबऱ्यावरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"देवा, मी बायजा. रोज हितंच बसती, तुला ठावं हाय. चावी माझ्या कनवटीला हाय. सकाळीच काढली. ही पोरं गेल्यावर सांजच्याला मी कुनाच्या उंबऱ्यावर बसू, तेवढं सांग. आन ह्यास्नी सांग, रागवायचं न्हाई. चांगभलं."

मला हुंदका आवरेना. बाळूने डोळे उघडले आणि चावीसाठी हात पुढे केला, तर एस्तेरने दटावलं, "काका, डोळे मिटा! अजून आमेन नाही झालं."

बाहेर चांदी ओरडत होती. आणि प्रमोदचा आवाज आला, मोटारीवर ताण आल्यावर येतो तसा. "प्रभू, मलाही जायचं नाहीये. चार महिने झाले, आईला सांगायची हिंमत होत नाही. तूच सांभाळून घे."

मी घाईघाईने आमेन म्हणणार, एवढ्यात सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"थांबा! आमेन म्हणू नका कुणी. माझी प्रार्थना राहिलीय. आणि माझ्यावरही कुणी रागवायचं नाही."